रिकामी भूमी आणि वाचकांचे दोन पक्ष
(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासातील एखादी गोष्ट वेगळी घडली असती तर? या प्रश्नावर इंग्रजीत कादंबऱ्यांचा एक स्वतंत्र प्रकारच निर्माण झाला आहे. पॅट्रिशिया रीडी या अमेरिकन लेखिकेची 'थर्टीन्थ चाइल्ड' (२००९) ही त्यांपैकी एक. आमच्या इंग्रजीच्या सरांनी ती मला वाचायला दिली. शब्दकोश जवळ ठेवून मी ती तीन आठवड्यांत पुरी केली.

कथा एफ नावाच्या मुलीची आहे. ती आईबापांचे तेरावे अपत्य, म्हणून नातलगांच्या मते अपशकुनी. तिचा जुळा भाऊ लॅन मात्र सातव्या मुलाचा सातवा मुलगा, म्हणून भाग्यवान. वडील पश्चिम सीमेवरील एका कॉलेजात शिकवायला जातात आणि सारे कुटुंब तिकडे राहायला येते. तेथे मोठ्या नदीच्या काठाने जादूची एक अदृश्य भिंत उभारलेली आहे. पलीकडच्या रानात मॅमथ आणि वाफेचे ड्रॅगन हिंडतात. मिस ओचिबा या कृष्णवर्णीय शिक्षिकेकडून एफ आफ्रिकी पद्धतीची जादू शिकते आणि हळूहळू स्वतःवर विश्वास ठेवू लागते. अपशकुनी म्हणून हिणवलेली मुलगी शिकून उभी राहते, हे वाचताना मला स्वतःचीच गोष्ट वाचल्यासारखे झाले.

पुस्तक परत करताना सरांनी एकच प्रश्न विचारला, "यात कोण नाही?" मला उत्तर आले नाही.

कादंबरीत अमेरिकेचे मूळ रहिवासी नाहीत. आशियातून माणूस त्या खंडात कधी गेलाच नाही, अशी लेखिकेची कल्पना आहे. त्यामुळे मॅमथ शिल्लक राहिले आणि युरोपीय लोकांना सारी भूमी निर्मनुष्य मिळाली. प्रत्यक्षात माणूस तेथे किमान चौदा-पंधरा हजार वर्षांपासून आहे.

या मुद्द्यावरून २००९ मध्ये वाचकांत मोठा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे असे की, कादंबरी ही कल्पना आहे. एक गोष्ट बदलून पुढे काय होईल ते पाहण्याचा लेखकाला अधिकार आहे. शिवाय 'रानटी' किंवा 'भोळा, थोर' अशी ठरावीक चित्रे रंगवण्यापेक्षा ती पात्रे नसलेली बरी. पुस्तक न वाचताच निकाल देणाऱ्यांवरही या पक्षाने टीका केली, आणि ती योग्यच होती.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, ही कल्पना नवीन नाही. 'भूमी रिकामीच होती' असे सांगूनच ती घेतली गेली. १८३० मध्ये अमेरिकेत मूळ रहिवाशांना हलवण्याचा कायदा झाला. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना मिसिसिपीपलीकडे हाकलताना सुमारे चार हजार माणसे मेली, असे मानले जाते. ज्यांना खरोखर पुसण्याचा प्रयत्न झाला, त्यांना कथेतही पुसावे काय?

ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या 'सेव्हन्थ सन' (१९८७) पासून सुरू होणाऱ्या मालिकेतही सातव्या मुलाचा सातवा मुलगा आणि जादूची अमेरिका आहे. तेथे मूळ रहिवासी आहेत. 'रेड प्रॉफेट' (१९८८) मध्ये तर टेकुम्सेवर बेतलेले पात्र प्रमुख आहे. म्हणजे त्यांना कथेत ठेवून लिहिणे अशक्य नव्हते.

मला आणखी एक मुद्दा सुचतो. मका, बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मिरची ही सारी पिके त्या खंडातील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवली. मिरची तर पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. १६२१ मध्ये प्लिमथच्या वसाहतकऱ्यांना मका लावायला शिकवले ते टिस्क्वॉन्टम या मूळ रहिवाशाने. माणसेच नसती, तर आपल्या भाकरीवर ठेचाही नसता. तेव्हा त्या माणसांना वगळले की त्यांच्या हातचे सारे कामही वगळले जाते. कल्पनेचा हिशेब पुरा मांडायचा, तर एवढे मांडावेच लागेल.

माझ्या आजीचे गाव धरणात गेले. नकाशात तेथे निळा रंग आहे. आजी अजून त्या निळ्या रंगावर बोट ठेवून कोणाचे घर कोठे होते ते सांगते. तिची नात असून, पुस्तकातील रिकामी भूमी मला खटकली नाही, याचे मला वाईट वाटले. एफची गोष्ट मला इतकी आवडली होती की पलीकडे पाहायचे राहून गेले.

म्हणून मी कोणत्याच पक्षात पूर्णपणे जात नाही. मित्रमैत्रिणींनी ही कादंबरी जरूर वाचावी. एफ त्यांनाही आवडेल. मात्र पुस्तक मिटताना सरांचा प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या अभ्यासक्रमातील पुस्तकांनाही तो विचारायला हरकत नाही.