दवाखान्यातील मुलाखत

तुमच्यापैकी काहींना पुढे दवाखान्यात परिचारिका किंवा मदतनीस व्हावेसे वाटेल. मुलाखतीत डॉक्टर आधी प्रमाणपत्रे पाहतात, मग कामाचे प्रश्न विचारतात. लस किती तापमानात ठेवतात? २ ते ८ अंश सेल्सिअस. काल द्रावण मिसळलेली बी.सी.जी.ची कुपी आज चालेल का? नाही. ती ४ तासांच्या आत वापरावी लागते. चिठ्ठीवरील औषधाचे नाव वाचता आले नाही तर? येथे अंदाजाने औषध देणारा उमेदवार नापास! "डॉक्टरांना विचारीन," हेच बरोबर उत्तर.

खरी कसोटी रुग्णासमोर लागते. 'दर्द' तुम्हांला ठाऊक आहे, पण मराठी आजीबाई म्हणतात, "दाढ ठणकते," "पाठीत चमक भरते," "पोटात मुरडा येतो," "छातीत कळ येते." (मुरडा म्हणजे तुमचा 'मरोड'च.) मुरडा येणाऱ्याला सहसा थोडा वेळ बाकावर बसवता येते. छातीत कळ येणाऱ्याला मात्र रांग मोडून ताबडतोब आत न्यावे लागते. मग रांगेतले लोक चिडतात. त्यांना शांतपणे कारण सांगा, आवाज चढवू नका. आणि एखादा शब्द कळला नाही, तर आजींनाच विचारा, "आजी, नेमके कुठे दुखते? बोटाने दाखवा."