म्हाताऱ्या पावसाआधी गोठ्याचं ठरवा

पेरण्या उरकल्या की पूरपट्ट्यातल्या घरांना थोडी उसंत मिळते. शिरोळ, करवीर, हातकणंगले, पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या नदीकाठच्या शेतकऱ्यांनी ती उसंत यंदा गोठ्यासाठी वापरावी. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णा-पंचगंगेला महापूर आला तो जुलैचा शेवट ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा या काळात, म्हणजे म्हाताऱ्या पावसात (पुष्य नक्षत्रात) आणि आश्लेषात. मृगापासून मोजलं तर हातात महिना-दीड महिना उरतो.

पाणी वाढत असताना लोक घर का सोडत नाहीत, असं बाहेरचे विचारतात. गोठ्यात डोकावलं की उत्तर मिळतं. दावणीला दोन दुभत्या म्हशी आणि एक गाभण गाय असली की घरातलं एक माणूस मागं राहतं, त्याच्यासाठी दुसरं थांबतं, आणि शेवटी सगळ्यांनाच बोटीची वाट बघावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गर्दीनं भरलेली बोट उलटून अनेकांचा जीव गेला. बोटीची वेळच येऊ नये, अशी तयारी हवी. त्यासाठी जनावरं आधी हलली पाहिजेत. ती गेली की माणसं आपोआप निघतात.

कधी निघायचं, हे कोरड्या दिवसांतच फुटांवर ठरवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ 40 फूट ही इशारा पातळी आहे आणि 45 फूट धोका पातळी. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर हेच आकडे 39 आणि 43 आहेत. पण तुमच्या घरासाठी खरा आकडा वेगळा असतो. उंबऱ्याला पाणी लागण्याच्या कितीतरी आधी ओढ्यावरचा पूल किंवा वस्तीचा रस्ता पाण्याखाली जातो. तो नेमका किती फुटांना जातो, हे गावातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतं. त्यांना विचारा, त्यातून तीन-चार फूट वजा करा आणि तो आकडा गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पाणी तिथं पोचलं की ट्रॉली जोडायची; मग चर्चा नको. रात्री वाढणाऱ्या पाण्यात चर्चेला फार वेळ जातो.

भिंतीवरच्या जुन्या पुराच्या खुणेवर मात्र विसंबू नका. 2005 ची खूण बघून ‘एवढंच येतंय’ म्हणत कितीतरी घरं 2019 ला थांबली, आणि आयर्विनला पाणी 57 फुटांच्या वर गेलं. शिवाय पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा भरून वाहत असेल तर पंचगंगेचं पाणी तुंबतं आणि शिरोळकडची गावं पाऊस थांबल्यावरही पाण्यात राहतात. वाडीला दक्षिणद्वाराच्या सोहळ्याला जरूर जा, पण दर्शन घेऊन परतताना गोठ्यावरचा आकडा आठवा.

जनावरं कुठं न्यायची, हे आजच बोलून ठेवा. माळभागातले पाहुणे, ओळखीचं शेड, ग्रामपंचायतीनं ठरवलेली जागा, यांपैकी एक पक्कं करा. ‘बघू’ म्हणणारा पाहुणा त्या दिवशी कामाला येत नाही. मोठ्या जनावराला दिवसाला निदान पाच-सहा किलो वाळला चारा धरा आणि दहा दिवसांचा कडबा आधीच तिकडं टाका. ट्रॉलीच्या पत्र्यावर म्हशी घसरतात, म्हणून खाली पाचट किंवा माती पसरा. घटसर्प आणि फऱ्याची लस आत्ताच टोचून घ्या, कारण लस अंगी लागायला दोन-तीन आठवडे जातात. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो काढून परगावच्या नातेवाइकाला पाठवा. आणि काहीच जमलं नाही, पाणी अंगणात आलंच, तर दावी सोडा. बांधलेलं जनावर जागीच बुडतं, सुटलेलं पोहून उंचवट्याला लागू शकतं.

युरियाची पोती आणि कीडनाशकं माळ्यावर चढवा. युरिया विरघळलेलं पाणी जनावरानं प्यायलं तर ते दगावू शकतं. नदीकाठच्या मोटारी, स्टार्टर दिवसाउजेडी आणि लाइट बंद असतानाच वर काढा. मोटार पुन्हा घेता येते, तरी दर पावसाळ्यात कुणीतरी अंधारात तिच्यामागं उतरतोच.

हे सगळं एकट्या घराला झेपत नाही. गल्लीत ट्रॅक्टर कुणाकडं आहे, अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस कुठल्या घरात आहे, दिवस भरत आलेली सून कुठं आहे, याची यादी तरुण मंडळानं गणपतीची वर्गणी मागायला फिरताना सहज करता येईल. लाइट गेली की मोबाइलचे टॉवरही थोड्या वेळात गप्प होतात, तेव्हा देवळाचा स्पीकर बॅटरीवर चालतो का, ते आधी बघून ठेवा. मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 आणि आणीबाणीचा 112 हे नंबर पोरांनाही पाठ हवेत.

ई-पीक पाहणी सुरू होताच उरका. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर पंचनाम्याच्या वेळी अडचण येते. पीकविम्यात पुराचं नुकसान कसं धरतात, हे नियम बदलत असतात. अर्ज भरतानाच सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) विचारा. परत आल्यावर गाळ उपसण्याआधी घराचे, गोठ्याचे आणि उभ्या पिकाचे फोटो काढा. कडब्याच्या गंजीत हात घालण्याआधी काठी घाला. घोणस आणि नाग कोरड्या जागेच्या शोधात तिथंच शिरलेले असतात. गाळ बसलेली वैरण जनावरांना टाकू नका, आणि विहीर उपसून टीसीएल टाकल्याशिवाय तिचं पाणी पिऊ नका.