पॅलेट फोडण्याआधी ते वाचा

बऱ्हाणपुरात लाकडी पॅलेट शोधत फिरावं लागत नाही. यंत्रमागांचं गाव. सूत येतं, मागांचे सुटे भाग येतात, रंगाई-धुलाईची रसायनं येतात, आणि मालाखालचं लाकूड शेवटी एखाद्या कबाड्याच्या दाराशी येऊन उभं राहतं. पूर्वी ते बंबात, चुलीत जायचं. आता परसबागेच्या पेट्या, कुंड्यांचे मांड, वेलाची चौकट यांसाठी लोक ते घेऊन जातात. मीही नेते आणि इतरांनाही न्यायला सांगते, कारण सागवानाचे भाव पाहता भाजीच्या वाफ्याला नवं लाकूड लावणं आपल्यासारख्यांना जमणारं नाही. पण पॅलेटचं लाकूड आपल्याकडे येतं ते एक आयुष्य जगून. ते कशाखाली होतं, हे कळल्याशिवाय त्यात खायची भाजी लावू नये.

आमच्याकडे दोन पेट्या एकाच दिवशी भरल्या होत्या. माती एकाच ढिगातली, शेणखत एकाच गाडीतलं, मेथी एकाच पुडीतली. एका पेटीत मेथी हिरवीगार वर आली. दुसरीत एका फळीच्या कडेने वीतभर रुंदीचा पट्टा आधी पिवळा पडला, मग जळाला. फळी वरून बाकीच्यांसारखीच होती, फक्त खालच्या अंगाला तपकिरी ओघळ होते. कबाड्याने शब्द दिला होता, “ताई, सुताखालचंच आहे.” सुतारकाकांनी ती फळी काढली, मधोमध कापली आणि काप माझ्यापुढे धरला. डाग वरवरचा नव्हता. कडेला गडद आणि आत नखभर खोलीपर्यंत फिका होत गेलेला. ताज्या कापाला तिखट वास येत होता. काका म्हणाले, “बाई, हे लाकूड प्यायलंय. रंधा मारून जाणार नाही.” आम्ही पूर्ण पेटी रिकामी केली.

कापडाच्या प्रोसेसिंगमध्ये कॉस्टिक सोडा, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रो, तऱ्हेतऱ्हेचे रंग वापरतात. केळी-कापसाचा मुलूख असल्यामुळे कीटकनाशकांची खोकीही पॅलेटवरच रचलेली असतात. पिंप गळलं, पोतं फाटलं की पहिल्यांदा भिजतं ते खालचं लाकूड. म्हणून घेताना पॅलेट उलटं करून पाहा. ओघळ, पांढरी खरपुडी, तेलकट चकाकी, उग्र वास, यातलं एकही दिसलं तर ते जागीच सोडा. एक खूण मात्र ओळखायला शिका. चिडाच्या लाकडावर करड्या-निळसर रेषा अनेकदा दिसतात. त्या बुरशीच्या असतात आणि लाकडाच्या धाग्याबरोबर लांबवर धावतात. सांडलेल्या द्रवाचा डाग धागा पाळत नाही. तो ठिपक्यासारखा किंवा ओघळासारखा पसरतो आणि आत जाता जाता फिका होतो. शंका आली तर कोपरा कापून बघावा.

परदेशातून आलेल्या पॅलेटच्या ठोकळ्यावर एक शिक्का भाजलेला किंवा छापलेला असतो: गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, बनवणाऱ्याचा क्रमांक आणि प्रक्रियेची अक्षरं. लाकडातून किडी एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाचा हा शिक्का. इंग्रजी ‘एच’ आणि ‘टी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवलेलं आहे. हेच निवडा. ‘एम’ आणि ‘बी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली आहे. हा विषारी वायू ओझोनच्या थरालाही मारक आहे. तो लाकडातून बराचसा उडून जातो हे खरं, पण तापवलेलं लाकूड मिळत असताना ते घेऊ नये, आणि बंबात तर मुळीच जाळू नये.

देशातल्या देशात फिरणाऱ्या पॅलेटला हा शिक्का लागत नाही आणि आपल्याकडची बरीचशी पॅलेटं अशीच असतात. शिक्का नाही म्हणून ते वाईट ठरत नाही. उलटपक्षी, शिक्का पाहून निर्धास्तही होऊ नका. लाकडावर प्रक्रिया कुठली झाली एवढंच तो सांगतो, त्यानंतर त्यावर काय सांडलं ते सांगत नाही. निळ्या रंगात रंगवलेलं पॅलेट अनेकदा भाड्याने देणाऱ्या कंपनीचं असतं. ते फोडूच नये.

आता फोडण्याबद्दल. पॅलेटचे खिळे साधे नसतात, त्यांच्या अंगावर चुड्या असतात. लाकडाने एकदा त्यांना धरलं की ते सरळ उपटत नाहीत. पहार घालून टोकाकडून जोर लावला की आपल्या उन्हात वाळलेली चिडाची फळी खिळ्यापाशी हमखास चिरते. पॅलेट आडवं टाकून, ठोकळा आणि फळी यांच्यामध्ये लाकडी पाचर ठोकायची, जेमतेम दोन पैशांच्या जाडीएवढी फट करायची. मग त्या फटीत हॅक्सॉ ब्लेड घालून खिळा कापायचा. ब्लेडचं एक टोक जाड कापडात गुंडाळलं की मूठ होते. खिळ्याचं डोकं फळीत राहतं ते राहू द्यावं. रंधा मारायचा असेल तर मात्र मागून टोचा ठोकून बाहेर काढावं, नाहीतर रंध्याचं पातं जातं. फळ्या आखूड चालणार असतील तर टोकाच्या ठोकळ्यांच्या आतल्या अंगाने त्या सरळ कापून घेणं सगळ्यांत सोपं. अरुंद फटीत ग्राइंडर घालू नये. चकती अडकते आणि मशीन हाताला झटका देतं.

काढलेली फळी खाली ठेवताना खिळे जमिनीकडे असावेत. आमच्याकडे मदतीला आलेला भाचा चपला घालून मागे सरकला आणि उपड्या फळीवरचा खिळा तळव्यातून टाचेजवळ शिरला. तो म्हणत राहिला, “मावशी, काही नाही, नुसतं टोचलंय.” पण खिळ्याची जखम वरून लहान आणि आत खोल असते, आणि धनुर्वाताच्या जंतूंना तशीच जागा हवी असते. त्याला त्याच दिवशी इंजेक्शन दिलं. या कामाला जाड तळाचे बूट, हातमोजे आणि चष्मा लागतो. घरी लहान मुलं असतील तर फोडलेला माल संध्याकाळी आवरल्याशिवाय उठू नये.

पेटी बांधल्यावर खरी परीक्षा आपली जमीन घेते. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसती काळी माती पेटीत भरली तर पहिल्याच जोरदार पावसात कडेच्या फळ्या बाहेर ढकलल्या जातात. वाळू आणि कुजलेलं शेणखत भरपूर मिसळावं, तळाला केळीची वाळलेली पानं अंथरावीत. ती आपल्याकडे मागाल तेवढी मिळतात. पेटी विटांवर ठेवावी, जमिनीला लाकूड टेकू देऊ नये. तापवलेलं लाकूड म्हणजे वाळवीपासून कायमचं सुटलेलं, असा अनेकांचा समज असतो, तो खोटा आहे. तापवल्याने आतली कीड मरते, नवी यायची थांबत नाही. म्हणून पॅलेटचा ढीग जुन्या घराच्या सागवानी चौकटीला टेकवून ठेवू नका. वाळवीपासून वाचवायला जळकं ऑइल किंवा डांबर फासायची पद्धत सर्रास आहे. कुंपणाला ते ठीक, पण भाजीच्या पेटीला अजिबात नको. बाहेरून जवसाचं कच्चं तेल द्या, दर उन्हाळ्यात एक हात. तेवढं करूनही चिडाची पेटी दोन-तीन पावसाळे टिकते, हे धरूनच चाला.

भिंतीला उभं पॅलेट लावून त्यात कप्पे करायचे असतील तर अँकर बोल्टशिवाय लावू नका. एक घनफूट ओली माती ४५-५० किलोच्या आसपास भरते. एखाद्या मुलाने वरची पट्टी धरून ओढलं तर सगळं अंगावर येईल.

गावातल्या कारखानदारांना आणि गोदाम सांभाळणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रसायनांखालची पॅलेटं वेगळी ठेवा आणि भंगारात देताना त्यांवर रंगाने ठळक फुली मारा. कबाड्याला ती वेगळी कशी ओळखायची हे समजेल, आणि घरी नेणारी बाई त्यात कोथिंबीर लावणार नाही.