तीस मिलिमीटरचा हिशेब



दिवाळीच्या सुट्टीवरून परतलेल्या अकरावीच्या एका कॅडेटने भौतिकशास्त्राचा तास संपल्यावर मला एक फोटो दाखवला. त्याचा मोठा भाऊ नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये असतो. तिथे त्याने माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे. गाडीसोबत आखूड स्प्रिंगांचा एक संच आणि प्रत्येकी १५ मिमी जाडीचे चार व्हील स्पेसरही त्याने मागवले होते. स्प्रिंगांमुळे गाडी ३० मिमी खाली बसणार होती आणि स्पेसरमुळे चाके बाहेर सरकणार होती.

"सर, दादा म्हणतो की गाडी वळणावर जास्त घट्ट चालेल. खरं आहे का? शनिवारी तो हे सगळं बसवायला घेणार आहे."

मी त्याला खडू दिला. हूकचा नियम त्याला येत होता, तेवढे पुरेसे होते. त्या दुपारी फळ्यावर जे मांडले, तेच इथे देत आहे.

गाडी कोणती

पहिली एमएक्स-५ १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात लोकांसमोर आली. प्रमुख अभियंता तोशिहिको हिराई यांनी 'जिन्बा इत्ताई' हे सूत्र धरले होते. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, असा त्याचा अर्थ. आपल्या घोडेस्वारीच्या कॅडेटना हे वेगळे समजावून सांगायला नको. गाडीचे वजन साधारण एक टन, पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २२६५ मिमी, आणि चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या व खालच्या अशा दोन आर्मवर धरलेले. अशा जुळवून बसवलेल्या यंत्रात एक माप बदलले की इतर कोणती मापे हलतात, हाच आपला प्रश्न.

फायदा किती?

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर जातो. सूत्र सोपे आहे:

सरकणारा भार = वस्तुमान × आडवे त्वरण × गुरुत्वमध्याची उंची ÷ डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर

चालकासह वस्तुमान १००० किलोग्रॅम, त्वरण ८ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वमध्य ०.४६ मीटर उंचीवर आणि चाकांमधले अंतर १.४१ मीटर धरू. उत्तर येते सुमारे २६१० न्यूटन. गाडी ३० मिमी खाली आणली की उंची ०.४३ मीटर होते आणि उत्तर २४४० न्यूटन येते. म्हणजे सुमारे साडेसहा टक्के घट.

आता स्पेसर लावू. दोन्ही बाजूंना १५ मिमी म्हणजे अंतर १.४४ मीटर. उत्तर २३८९ न्यूटन. आणखी फक्त ५१ न्यूटन कमी.

टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून दोन्ही बाजूंना भार जितका समान, तितकी एकूण पकड चांगली. तेव्हा दादाचे म्हणणे खोटे नाही. फायदा आहे, पण तो थोडा आहे आणि त्यातला मोठा वाटा स्प्रिंगांचा आहे.

त्याची किंमत किती?

खड्ड्यात किंवा उंचवट्यावर चाक वर उचलले जाते तेव्हा धक्का स्प्रिंग पोटात घेते. साठणारी ऊर्जा = ½ × स्प्रिंग स्थिरांक × अंतराचा वर्ग. 'वर्ग' या शब्दाखाली रेघ ओढा.

हिशेबासाठी चाकापाशी मोजलेला स्थिरांक २५ न्यूटन प्रति मिमी धरू. रबरी बंप स्टॉपला टेकेपर्यंत चाकाला वर जायला ८० मिमी जागा आहे असे मानू. साठणारी ऊर्जा ८० ज्यूल. गाडी ३० मिमी खाली बसली की जागा उरते ५० मिमी. तीच स्प्रिंग ठेवली तर ऊर्जा ३१ ज्यूल.

म्हणूनच अशा स्प्रिंगा जास्त कडक बनवतात. स्थिरांक ३० टक्क्यांनी वाढवला तरी उत्तर येते सुमारे ४१ ज्यूल. पूर्वीचे ८० ज्यूल ५० मिमीत बसवायचे तर स्थिरांक ६४ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे अडीचपटीहून जास्त हवा. तेवढ्या कडक स्प्रिंगांवर खडबडीत रस्त्यावर चाके उड्या मारतील आणि उडालेल्या चाकाला पकड कसली?

इथे कॅडेट थांबला. म्हणाला, "सर, वळणावर साडेसहा टक्के मिळाले आणि खड्ड्यात अर्धी ताकद गेली." त्या दिवसाचा धडा त्याने एका वाक्यात सांगितला.

जुन्या स्प्रिंगेचा एखादा वेढा कापून गाडी खाली आणणारेही असतात. चालू वेढे आठाचे सात झाले की स्थिरांक सुमारे १४ टक्के वाढतो, हे खरे. पण कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लोंबकळल्यावर स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. हा मार्ग धरूच नये.

शॉक अॅब्सॉर्बर आणि चाकांचे कोन

स्प्रिंग साठवते आणि शॉक अॅब्सॉर्बर ती हालचाल शमवतो. लागणारे शमन स्थिरांक आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर ठरते. म्हणून स्प्रिंग ३० टक्के कडक झाली की शमनही सुमारे १४ टक्के जास्त हवे. आधीच झिजलेला शॉक अॅब्सॉर्बर तसाच ठेवला तर गाडी दिसेल खाली बसलेली, पण एका धक्क्यानंतर दोन-तीनदा डोलेल.

गाडी खाली आली की आर्मचे कोन बदलतात. त्यामुळे चाकाचा कँबर म्हणजे उभा कल, आणि टो म्हणजे चाके समोरून आत किंवा बाहेर वळलेली असणे, ही दोन्ही मापे सरकतात. टो बिघडलेले चाक रस्त्यावर सतत थोडे घासत चालते आणि टायर आतल्या कडेने झिजतो. एमएक्स-५ मध्ये हे कोन जुळवायला चारही चाकांपाशी खास बोल्ट आहेत. तेव्हा स्प्रिंगा बदलल्या की व्हील अलाइनमेंट करावेच लागते. हेडलाइटचा झोतही तपासून घ्यावा.

स्पेसरमागचे धागे मोजा

चाक हबला चिकटून राहते ते नटांच्या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणावर. स्टडने फक्त ताण घ्यायचा असतो. दाब पुरेसा हवा तर नट स्टडवर पुरेसे फिरलेले हवेत. निदान स्टडच्या व्यासाइतके, हा साधा नियम. एमएक्स-५ चा स्टड १२ मिमी व्यासाचा असून दोन धाग्यांमधले अंतर १.५ मिमी आहे. म्हणजे नट किमान ८ फेरे बसला पाहिजे.

आता १५ मिमीचा नुसता सरकवायचा स्पेसर मध्ये घाला. १५ भागिले १.५, म्हणजे नटाचे पूर्ण १० फेरे गेले. मूळ स्टडवर मग काय उरणार? अशा वेळी लांब स्टड बसवावे लागतात किंवा स्वतःचे स्टड असलेला, हबला बोल्टने बसणारा स्पेसर घ्यावा लागतो. पण त्यातही मूळ स्टडची टोके बाहेर डोकावतात आणि त्यांना चाकाच्या पाठीत जागा हवी. शिवाय स्पेसरचे मधले भोक हबवर घट्ट बसणारे असावे, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि स्टिअरिंग थरथरते.

चाक बाहेर गेले की हबच्या बेअरिंगवरचा भारही लांबच्या तरफेवर येतो. ब्रेक लावताना एका चाकावर २००० न्यूटन बल असेल तर १५ मिमीमुळे स्टिअरिंगच्या अक्षाभोवती ३० न्यूटन-मीटर जादा आघूर्ण येते. एक चाक ओल्या आणि दुसरे कोरड्या रस्त्यावर असेल तर ही ओढ हाताला जाणवते. हे सगळे त्या ५१ न्यूटनसाठी!

काम करताना

दबलेली स्प्रिंग ही साठवलेली ऊर्जा आहे. स्प्रिंग कॉम्प्रेसर नीट न लावता वरचा नट सोडला तर ती हात मोडू शकते. गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नये, स्टँड लावावेच. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. लोंबकळत्या स्थितीत आवळले तर बुश कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. चाकाचे नट टॉर्क रेंचने आवळावेत. या गाडीसाठी ते माप ८८ ते ११८ न्यूटन-मीटर आहे. शंभरेक किलोमीटर चालवल्यावर ते पुन्हा तपासावेत.

आपल्याकडे

इंग्लंडमध्ये असे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्र जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोर वाचले. पालकांनी मुलांच्या हाती गाडी देताना ही गोष्ट आधी सांगावी.

रस्त्याचेही पाहा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. त्यावरून एमएक्स-५ गेली तर दोन चाकांच्या मधोमध तो फक्त ३८ मिमी वर येतो. पण गल्लीत हौसेने बांधलेला तेवढाच उंच आणि हातभर रुंद गतिरोधक आपली पूर्ण उंची गाडीच्या पोटाखाली आणतो. तिथे गेलेले ३० मिमी आठवतात.

शनिवारी काय झाले

कॅडेटने हा हिशेब रविवारच्या फोनवर भावाला सांगायचे ठरवले होते, पण काम शनिवारी होते. म्हणून त्याने हाउसमास्तरांची परवानगी घेऊन शुक्रवारीच फोन केला. भावाने एका चाकाला स्पेसर लावून पाहिला. नट चार फेऱ्यांत थांबला. स्पेसर खोक्यात परत गेले. स्प्रिंगा त्याने ठेवल्या, पण त्यांना जुळणारे शॉक अॅब्सॉर्बर येईपर्यंत काम पुढे ढकलले. तोवर चारही चाकांपाशी गाडीची उंची मोजून वहीत लिहून ठेवायला धाकट्याने त्याला सांगितले आहे.

स्वाध्याय

१. गाडी ३० ऐवजी १५ मिमी खाली आणली तर वरच्या उदाहरणात जुन्याच स्प्रिंगेत किती ऊर्जा साठेल? तिची ८० ज्यूलशी तुलना करा.

२. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात २.२६५ मीटरची जीवा काढून ३८ मिमी हे उत्तर पडताळा.

३. ५ मिमीच्या स्पेसरने नटाचे किती फेरे जातील? तो बसवण्यापूर्वी तुम्ही कोणते माप घ्याल?

उत्तरे वहीत लिहून पुढच्या तासाला आणावीत.