जमीन गेली, माणुसकी राहिली

[जॉन स्टाइनबेक (१९०२–१९६८) : प्रसिद्ध अमेरिकन कादंबरीकार. १९३६ साली त्यांनी स्थलांतरित शेतमजुरांच्या वस्त्या पाहून वृत्तपत्रात लेख लिहिले. पुढे याच विषयावरील त्यांची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ ही कादंबरी १९३९ साली प्रसिद्ध झाली. १९६२ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रस्तुत पाठात या कादंबरीचा परिचय करून दिला आहे.]

१९३० नंतरची काही वर्षे अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याला फार वाईट गेली. पाऊस पडेना. नांगरलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागली. धुळीने पिके झाकून गेली. शेतकरी कर्जात बुडाले. जमिनी बँकांच्या आणि कंपन्यांच्या ताब्यात गेल्या. एक ट्रॅक्टर बारा-चौदा कुटुंबांचे काम करू लागला. मग कुळांची गरज कोणाला?

कादंबरीत एक प्रसंग आहे. घर पाडण्यासाठी ट्रॅक्टर येतो. चालवणारा तरुण ओळखीच्याच शेतकऱ्याचा मुलगा असतो. आपल्याच लोकांविरुद्ध हे काम का करतोस, असे घरमालक त्याला विचारतो. रोज तीन डॉलर मिळतात आणि घरी मुलांना खायला हवे, असे तो सांगतो. शेतकरी बंदुकीची भाषा करतो. पण गोळी घालायची कोणाला? तरुणाला हुकूम बँकेचा आणि बँकेला हुकूम दूरच्या शहरातून! अन्याय डोळ्यांसमोर घडतो, पण अन्याय करणारा हाती लागत नाही.

जोड नावाचे कुटुंबही असेच बेघर होते. कॅलिफोर्नियात फळे तोडायला मजूर हवेत, अशी छापील पत्रके त्यांनी पाहिलेली असतात. एका जुन्या गाडीत सामान भरून सारे निघतात. पहिल्याच मुक्कामी आजोबा मरण पावतात. त्यांना रस्त्याच्या कडेला पुरावे लागते. पुढे वाळवंट ओलांडताना आजीही जाते. गाडी अडवली जाऊ नये, म्हणून आई हे कोणालाही सांगत नाही. ती रात्रभर त्या मृतदेहाशेजारी पडून राहते.

कॅलिफोर्नियात बागा फळांनी लवलेल्या असतात. पण काम थोडे आणि माणसे फार. एकाने तीस सेंट मागितले, की दुसरा उपाशी माणूस पंचवीस सेंटवर तयार होतो. मजुरी घसरत जाते. भाव पडू नये, म्हणून संत्र्यांवर रॉकेल ओतले जाते आणि भुकेली माणसे ते पाहत राहतात. भूक गरिबालाच गरिबाचा वैरी बनवते.

मजुरांच्या वस्तीत आई रस्सा शिजवत असते. वासाने परकी मुले भोवती जमतात. घरच्यांनाच पुरेल एवढे अन्न नसते. तरीही आई घरच्यांना थोडे थोडे वाढते आणि उरलेले पातेले मुलांपुढे ठेवते. नंतर त्यांतील एका मुलाची आई रागाने येते. आमच्याकडे रस्सा का नाही, असे तिच्या मुलाने तिला विचारलेले असते! तिला काय उत्तर द्यावे?

येथे कोणाचीच चूक नाही. दोघीही आयाच आहेत. हळूहळू टॉमच्या आईला कळते, की केवळ आपल्या घरापुरते पाहून भागणार नाही. गरजेच्या वेळी जो धावून येतो, तोच आपला. जमीन हिरावून घेता येते. पण आपल्या घासातला घास देण्याची वृत्ती कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

शब्दार्थ
कूळ – दुसऱ्याची जमीन कसणारा. मुक्काम – प्रवासातील थांबा. लवलेली – भाराने वाकलेली. वृत्ती – मनाचा कल

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जोड कुटुंब कोणत्या राज्यातून निघाले?
(आ) आजीचा मृत्यू आईने का लपवला?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) शेतकऱ्याला गोळी कोणाला घालावी हे कळेना.
(आ) कॅलिफोर्नियात मजुरी घसरत गेली.
प्र. ३. रागावलेल्या बाईच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? पाच-सहा ओळींत लिहा.
प्र. ४. जमीन, हुकूम, मजूर, कर्ज हे शब्द उर्दूतही आहेत. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.