हक्क फुकट, हेलपाटे महाग

‘तक्रार करायला खर्च किती येईल?’ वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. हक्क आहे की नाही, हे त्यानंतर. रेशनचे प्रश्न हाताळणाऱ्या ताई, माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणारे निवृत्त शिक्षक, विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, यांच्यापैकी कोणाशीही बोला, उत्तर जवळपास एकच मिळते. सरकारी फी नगण्य आहे. खिसा रिकामा होतो तो बुडालेल्या रोजाने, झेरॉक्सने आणि मधल्या माणसाने. म्हणून या दरपत्रकात कायद्याचा दर दिला आहे आणि वरखर्च टाळायच्या वाटाही.

पोलीस ठाणे : शून्य रुपये

एफआयआर नोंदवायला फी नाही आणि तिची प्रत तक्रारदाराला मोफत द्यावी लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हे स्पष्ट लिहिले आहे. ‘ही आमची हद्द नाही’ या उत्तरावर परत फिरू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, शून्य क्रमांकाने एफआयआर नोंदवता येते. ईमेलसारख्या इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिली असेल, तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

ठाण्याबाहेर पडण्यापूर्वी हातातला कागद नीट वाचा, हा कार्यकर्त्यांचा पहिला सल्ला. अनेकांना एफआयआर म्हणून जो कागद मिळतो, त्यावर ‘अदखलपात्र’ असे छापलेले असते. ती असते एनसी. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. लोक महिनाभर तपासाची वाट पाहतात आणि मग कळते की तपास सुरूच झालेला नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सांगितले आहे. तरीही नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवा. त्यानेही काम झाले नाही, तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

साक्षीदार म्हणून जबाबाला बोलावले, तर महिला, १५ वर्षांखालील मुलगे आणि ६० वर्षांवरील पुरुष यांना ठाण्यात जाण्याची सक्ती नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी यायचे असते. तेवढाच रिक्षाचा खर्च वाचतो.

माहितीचा अर्ज : १० रुपये

राज्य सरकारच्या कार्यालयांत, महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करायचा, तर साध्या कागदावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखल्याची प्रत जोडली की तेही माफ. कागदपत्रांच्या प्रती पानाला २ रुपये. फाइल प्रत्यक्ष पाहायची असेल, तर पहिला तास फुकट. जुनाट, जाड फायलीसाठी हाच मार्ग स्वस्त पडतो. आधी जाऊन पाहा, हवी ती पाने खुणेसाठी लिहून घ्या आणि तेवढ्यांच्याच प्रती मागा. अन्यथा पाचशे पानांचे हजार रुपये भरा, असे पत्र घरी येते.

उत्तराची मुदत ३० दिवस. मुदत उलटली की तीच माहिती फुकट द्यावी लागते, हे कलम ७(६) अनेकांना ठाऊक नसते. पहिले अपील ३० दिवसांत आणि दुसरे, म्हणजे माहिती आयोगाकडचे, ९० दिवसांत करायचे. महाराष्ट्रात प्रत्येक अपिलाला २० रुपये लागतात. म्हणजे शेवटपर्यंत भांडलात, तरी सरकारी फी ५० रुपयेच.

अर्ज हमखास अडतो तो दोन ठिकाणी. रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँक ही केंद्राच्या अखत्यारीतली कार्यालये. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. अपिलाला मात्र फी नाही. दुसरे, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत. गाऱ्हाणे मांडू नका, कागद मागा. ‘आमच्या गल्लीत पाणी का येत नाही?’ असे विचारण्याऐवजी त्या गल्लीच्या पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक आणि गेल्या वर्षातल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत मागितली, तर उत्तर टाळणे अवघड होते.

वकील : पात्र असाल तर शून्य

सावकाराकडे जाण्याआधी न्यायालयाच्या आवारात जा, असे विधी स्वयंसेवक सांगतात. प्रत्येक जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते आणि तालुक्याला विधी सेवा समिती. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार महिला, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, आपत्तिग्रस्त आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक ३ लाख रुपयांची मर्यादा आहे. पगारदार बाईलाही हा हक्क आहे, हे ऐकून पुष्कळजणी चकित होतात.

या मदतीत वकिलाच्या फीबरोबर कोर्ट फी आणि कागदपत्रे तयार करण्याचा खर्चही येतो. नेमून दिलेल्या वकिलाने पक्षकाराकडून वेगळे पैसे घ्यायचे नसतात. मागितले, तर ज्या प्राधिकरणाने तो दिला तिथेच लेखी कळवा. हेल्पलाइन १५१००. कौटुंबिक हिंसाचारात संरक्षण अधिकारी घटनेचा अहवाल तयार करून देतात आणि त्याला फी नाही. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या वेळी ११२.

मानवी हक्क आयोग : साधा कागद पुरतो

राज्य मानवी हक्क आयोगाचे कार्यालय मुंबईत, सीएसएमटी स्थानकासमोर आहे. तक्रारीला फी नाही, वकील लागत नाही आणि मराठी चालते. मात्र अपेक्षा बेताच्या ठेवा. आयोग पाहतो ती लोकसेवकाने केलेली किंवा त्याच्या हलगर्जीपणामुळे झालेली हक्काची पायमल्ली. भाऊबंदकी, घरमालकाशी भांडण, नोकरीतल्या बढतीचा वाद इथे टिकत नाही. घटनेला एक वर्ष उलटले की दार बंद. निनावी तक्रार घेतली जात नाही. आयोग शिफारस करतो, भरपाई सुचवतो. शिक्षा देत नाही. तेव्हा पोलीस तक्रारीऐवजी नव्हे, तिच्या जोडीने इथे जा.

रेशन, दवाखाना, स्वच्छतागृह

अन्न सुरक्षा कायद्याखालचे धान्य १ जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत आहे. अंत्योदय कार्डाला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. हमालीच्या किंवा वाहतुकीच्या नावाखाली पैसे मागितले, तर देऊ नका. अंगठा दिल्यावर मशीनमधून निघणारी पावती घ्या आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडून पाहा. फरक निघाला तर हेल्पलाइन १९६७.

धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. बिल खिडकीवर वाद घालण्यापेक्षा दाखल होतानाच रुग्णालयातल्या समाजसेवकाला भेटा आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड पुढे करा. बिल झाल्यावर सवलत मागणे फार कठीण जाते.

मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ची मोहीम सुरू करणाऱ्या कार्यकर्त्यांनी असाच एक रोजचा खर्च चव्हाट्यावर आणला. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे. दिवसभर रस्त्यावर भाजी विकणारीला ही रक्कम महिन्याअखेरीस जाणवते. तुमच्या स्वच्छतागृहात पैसे घेत असतील, तर दरफलक कुठे आहे ते विचारा. नसेल तर वॉर्ड ऑफिसला अर्ज द्या.

स्टॅम्प पेपर : थांबा, विचारा

ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराच्या स्टॅम्प पेपरची जागा पाचशेच्या पेपरने घेतली. पण जात, उत्पन्न, रहिवास, नॉन-क्रिमिलेअर असे दाखले आणि सरकारी कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायची शपथपत्रे यांवरचे मुद्रांक शुल्क शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ केले आहे. साध्या कागदावरचे शपथपत्र चालते. टेबलावरून ‘पाचशेचा पेपर आणा’ असे सांगितले, तर ते लेखी मागा. बहुतेक वेळा मागणीच मागे घेतली जाते.

खाड्याचा हिशेब

एवढे सगळे फुकट, तर माणसे तक्रार का करत नाहीत? समजा रोज ६०० रुपये. तीन हेलपाटे म्हणजे १८०० रुपयांचा खाडा, वर एसटीचे तिकीट आणि झेरॉक्स. हा खर्च मोजणारे कायदे थोडे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांत मात्र तो मोजलेला आहे. नियम ११ नुसार पीडित, त्याच्यावर अवलंबून असलेले आणि साक्षीदार यांना प्रवासखर्च आणि किमान वेतनाहून कमी नसलेला दैनिक निर्वाहभत्ता मिळतो. तो आपोआप हातात पडत नाही, मागावा लागतो.

बाकीच्यांनी हेलपाटे कमी करायचे, ते असे. अर्जाच्या दोन प्रती करा. आवक टेबलावर एक द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. ‘साहेब आले की शिक्का मारतो’ म्हणाले, तर तिथे ताटकळू नका. तोच अर्ज पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. शंभर रुपयांच्या आत काम होते आणि दिवस बुडत नाही. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. एजंटाला पैसे देण्याआधी कार्यालयातला शुल्काचा फलक वाचा. लोकसेवा हक्क कायदा, २०१५ नुसार सेवा, मुदत, शुल्क आणि अपिलीय अधिकारी तिथे लिहिलेले असायला हवेत.

आणि कोणी पैसे मागितलेच, तर एकच वाक्य बोला : ‘पावती द्या.’ रक्कम नियमातली असेल, तर पावती मिळेल. नसेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे, आणि तक्रारीला तिथेही फी नाही.