नकार आला तरी ६० दिवस हातात असतात

अमेरिकेत अपंगत्वाच्या भत्त्याचा निकाल लागायला किती काळ जातो, असे न्यू जर्सीतील एका मराठी वाचकाने विचारले आहे.

सोशल सिक्युरिटी विभाग पहिल्या निर्णयासाठी साधारण ६ ते ८ महिने धरायला सांगतो. डॉक्टरांचे कागद रेंगाळले, की निर्णयही लांबतो.

नकार आला, तर पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील करावे लागते. आधी फेरविचार, मग न्यायाधीशापुढे सुनावणी, नंतर अपील परिषद आणि शेवटी फेडरल न्यायालय. एकट्या सुनावणीसाठीच कित्येक महिने थांबावे लागते. कमाई थांबलेल्या घरासाठी हे क्रूरच आहे. मंजुरी मिळाली तरी अपंगत्वाच्या पहिल्या ५ पूर्ण महिन्यांचा भत्ता मिळत नाही. एएलएसच्या रुग्णांना मात्र ही अट लागू नाही.

खचून जाऊन नवा अर्ज भरू नये. जुन्या तारखेपासूनची थकबाकी त्यात बुडू शकते. मुदतीत अपीलच करावे.